'इतर शुल्क' या रकान्यात काय काय असतं

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाणार होते. कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पन्नासऐवजी शंभर टक्के सवलत, असं त्यात म्हटलं होतं. आणि ही सवलत नव्याने प्रवेश घेणाऱ्यांपुरती नव्हती, आधीपासून शिकत असलेल्यांनाही होती. हे वाक्य मी पप्पांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "परत वाच." पहिल्या वर्षीच्या अर्ध्या फीचा दुसरा हप्ता भरायला त्यांनी सोयाबीन खळ्यावरूनच विकलं होतं, भाव वाढायची वाट न बघता.

माझं गाव जालना जिल्ह्यात, कॉलेज छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला. खासगी, विनाअनुदानित. नाव लिहीत नाही, कारण अजून दोन वर्षं तिथंच काढायची आहेत. आणि या भागातल्या कुणीही हे वाचलं तर त्याला ते आपलंच कॉलेज वाटेल, इतकं सगळीकडे सारखं आहे.

आठवडा गेला नसेल, तोच वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नोटीस पडली. द्वितीय वर्ष प्रवेश, एकूण शुल्क १,२९,३००. मुलींनी पूर्ण रक्कम भरावी, शासनाकडून शिष्यवृत्ती जमा झाल्यावर परतावा देण्यात येईल. मुदतीत न भरल्यास प्रवेश निश्चित होणार नाही व परीक्षा फॉर्म स्वीकारला जाणार नाही. खाली सही, शिक्का.

म्हणजे आदल्या वर्षी आम्ही अर्धी फी भरत होतो आणि आता शिक्षण मोफत झाल्यावर पूर्ण भरायची!

माझ्या रूममेटने पहिल्यांदा हिशेब मांडला. ती परतूरची, ओबीसी, वडील एसटीत वाहक. तिने नोटीशीतला आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहिला, खाली पहिल्या वर्षाच्या पावतीवरचे आकडे लिहिले आणि विचारलं, "हे २१,५०० कशाचे गं?" पावतीवर तीनच ओळी होत्या: शिक्षण शुल्क ९८,०००, विकास शुल्क ९,८००, इतर शुल्क २१,५००. पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी ते 'इतर' निमूट भरलं होतं. प्रवेशाच्या धावपळीत कोण विचारतं? तिथं कॅपची मुदत संपत आलेली असते, वडील पासबुक हातात धरून उभे असतात आणि मागे लांबच लांब रांग असते.

पण आधी कागद. शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचा तर चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला हवा. दाखला तहसीलचा, त्याआधी तलाठ्याचा अहवाल. एरवी हे काम कंटाळवाणं असतं एवढंच. त्या जुलैत ते भयंकर झालं, कारण १ जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले होते. सेतू केंद्रासमोर बायकांची रांग पार रसवंतीपर्यंत. माझी आई त्याच रांगेत तिच्या अर्जासाठी उभी, मी माझ्या दाखल्यासाठी. सर्व्हर डाऊन झाला की केंद्रातला पोरगा बाहेर येऊन "मावशी, जेवून या" म्हणायचा आणि एकही मावशी हलायची नाही. आईच्या अर्जाला उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी पिवळं-केशरी रेशनकार्ड चालेल अशी सूट होती; पुढे गर्दी थोडी पांगली आणि माझा दाखला निघाला. त्यावर ३१ मार्चपर्यंत वैध असं छापलेलं असतं. दरवर्षी हेच करायचं.

दाखला घेऊन कॉलेजच्या खिडकीवर गेले. तिथले काका चांगले आहेत, खरंच. माझ्या गावाकडची बोली ऐकली की आपुलकीनं बोलतात. मी म्हटलं, काका, शिक्षण शुल्क सरकार भरणार आहे, मी विकास शुल्क भरते, ते सवलतीत नाही हे मला माहीत आहे. आणि इतर शुल्काची हेडनिहाय पावती द्या, त्यात काय काय आहे ते लिहून.

"ताई, सिस्टिमला तसं येत नाही. 'अदर फी' म्हणूनच येतं."

"मग कागदावर लिहून द्या."

त्यांनी मान वर करून आतल्या केबिनकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वरून आलंय. पूर्ण घ्या म्हणून."

पुढचे कितीतरी दिवस हे 'वरून' मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलं. विभागप्रमुखांनाही वरूनच आलेलं, कुलसचिवांनाही वरूनच. संस्थेत वर नक्की कोण बसतं ते माहीत सगळ्यांना असतं, नाव मात्र कुणी घेत नाही.

आमच्यापैकी कुणालाच तोवर माहीत नव्हतं की आपल्या कॉलेजची फी कॉलेज ठरवत नाही. महाराष्ट्रात २०१५ चा कायदा आहे, खासगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांचे प्रवेश आणि शुल्क यांचं नियमन करणारा. त्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण आहे, मुंबईत वांद्र्याला खेरवाडीत त्याचं कार्यालय. संस्था आपला लेखापरीक्षण झालेला खर्च दाखवते, पगार, देखभाल, प्रयोगशाळा, ग्रंथालय वगैरे, आणि त्यावरून प्राधिकरण दर विद्यार्थ्यामागे शुल्क मंजूर करतं. हे सगळं सर्वोच्च न्यायालयात लढल्या गेलेल्या खटल्यांतून आलं आहे. २००५ च्या इनामदार खटल्याचा निकाल त्यातला महत्त्वाचा. संस्थेला आपली फी ठरवू द्या, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन (प्रवेशासाठी घेतलेली देणगी) चालणार नाही, असा त्याचा साधारण अर्थ. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षातला एक दादा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता, त्याने हे आम्हाला होस्टेलच्या मेसमध्ये सांगितलं. तोच म्हणाला, प्राधिकरणाच्या वेबसाइटवर कॉलेजनिहाय मंजूर शुल्क दिसतं, बघा.

बघितलं. आमच्या कॉलेजसमोर १,०७,८०० होते. शिक्षण शुल्क अधिक विकास शुल्क, बास. २१,५०० चा तिथं पत्ता नाही.

त्या पानाची प्रिंट काढली आणि झेरॉक्सच्या दुकानातच उभं राहून पन्नासेक प्रती काढून घेतल्या. रात्री मुलींच्या होस्टेलमध्ये खोलीखोलीत वाटल्या. कुठलंही भाषण केलं नाही, फक्त कागद हातात दिला आणि म्हटलं, तुझी पावती काढून शेजारी ठेव. नंतर फीवाढीविरोधातली बरीच भाषणं ऐकली, त्यातल्या एकानेही या दोन कागदांइतकं काम केलं नाही.

सकाळपर्यंत कागद मुलांच्या होस्टेलला पोचला होता. तोवर हा 'मुलींचा विषय' होता, आणि खरं सांगायचं तर मुलांमध्ये थोडी धुसफूस होती. अर्धी फी आम्ही भरायची, यांना सगळं माफ, वर यांनाच तक्रार. त्यांचंही चुकत नव्हतं. माझ्याच बेंचमागचा मुलगा बदनापूरकडचा, माझ्यापेक्षा कमी जमीन, राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून त्याला ४९,००० ची सवलत मिळते आणि उरलेले ४९,००० घरून येतात. पण २१,५०० तर सगळ्यांकडूनच घेतले होते. टीएफडब्ल्यूएसच्या पोरांकडूनसुद्धा, ज्यांना गुणवत्तेवर शिक्षण शुल्क पूर्ण माफ असतं. तिथून मुलं आमच्याबरोबर आली.

आता बोलणार कोण, हा प्रश्न. कॉलेजात विद्यार्थी प्रतिनिधी आहेत, पण ते नेमलेले, बहुतेक गॅदरिंगचं बघायला. महाराष्ट्रात कॉलेजच्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या, त्या काळच्या हाणामाऱ्या आणि एका विद्यार्थ्याचा खून यांच्यामुळे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद पुन्हा आली, निवडणूक मात्र आमच्या पिढीने बघितलेली नाही. त्यामुळे निवडून आलेला, ज्याच्या मागे सगळे आहेत असा कुणीच नसतो. जो पुढे बोलतो तो 'नेतागिरी करणारा' ठरतो.

दोन विद्यार्थी संघटनांचे कार्यकर्ते आम्हाला भेटायला आले. चहाच्या टपरीवर बसलो. एकाने लगेच विचारलं, पत्रकार किती बोलवायचे? दुसऱ्याला बॅनरवर संघटनेचं नाव हवं होतं आणि नेत्याचा फोटो. ते वाईट होते असं नाही. निवेदन कसं लिहायचं, कुणाकुणाला प्रत द्यायची हे त्यांच्यातल्याच एकाने आम्हाला शिकवलं. पण बॅनर लागला की कॉलेज म्हणणार राजकारण आहे, आणि निम्म्या मुलींचे वडील त्याच संध्याकाळी फोन करणार. आम्ही ठरवलं, बॅनर नाही, झेंडा नाही. एकजण रुसून गेला, दुसरा थांबला आणि शेवटपर्यंत आमच्याबरोबर जमिनीवर बसला.

निवेदनाच्या पहिल्या मसुद्यात मागण्या भरपूर होत्या. होस्टेलचं पाणी, मेसची पोळी, वायफाय, लॅबमधले बंद कॉम्प्युटर. सिव्हिलच्या दादाने पेन्सिलने एकेक खोडली. मी चिडले, पाण्याची मागणी रास्त होती. तो म्हणाला, पाण्यावर ते समिती नेमतील आणि समितीतच आपलं वर्ष संपेल. शेवटी तीनच राहिल्या. शासन निर्णयाप्रमाणे पात्र मुलींकडून शिक्षण शुल्क आगाऊ घेऊ नये. इतर शुल्काची हेडनिहाय यादी लेखी द्यावी. मंजूर शुल्काबाहेरची वसुली थांबवावी आणि घेतलेली परत करावी.

निवेदन द्यायला गेलो तर आवक विभागात पोच देईनात. "ठेवून जा, साहेब बघतील." आम्ही ठेवून गेलो नाही. पोच नसलेला कागद म्हणजे आम्ही गेलोच नाही असं म्हणायला ते मोकळे. त्यांनी शिक्का मारायला नकारच दिला, तेव्हा त्यांच्या समोरच तो कागद पाकिटात घातला, पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट केलं, ईमेल केला, आणि प्रती तंत्रशिक्षण सहसंचालकांना आणि शुल्क नियामक प्राधिकरणाला पाठवल्या. स्पीड पोस्टची ती पावती पुढे प्रत्येक बैठकीत टेबलावर ठेवत आलो. कॉलेजच्या बाजूने कुणी "तुमचं निवेदन आम्हाला मिळालंच नाही" म्हणायला तोंड उघडलं की रूममेट ती पुढे सरकवायची. काही बोलायची नाही.

उत्तर आलं नाही. मग ठिय्या.

प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्यांसमोर बसलो. ऑगस्टची रिपरिप, खाली फरशी ओली, कुणीतरी मेसमधून रिकामी पोती आणली. पहिल्या दिवशी भरपूर आले, दुसऱ्या दिवशी निम्मे, कारण दुपारी जर्नल सबमिशन होतं आणि सरांनी गैरहजेरी लावायला सुरुवात केली होती. महाडीबीटीला ठरावीक टक्के हजेरी लागते. म्हणजे शिष्यवृत्तीसाठी बसायचं तर शिष्यवृत्तीच जायची भीती. यावर तोडगा दुसऱ्या वर्षाच्या मुलींनीच काढला: पाळीपाळीने बसायचं. तास चुकवायचा नाही, ज्याचा तास नसेल तो पायऱ्यांवर. त्यामुळे गर्दी कधी फार दिसली नाही, पण पायऱ्या रिकाम्या कधीच नव्हत्या. व्हरांड्यातून जाणाऱ्या एका प्राध्यापकांनी न थांबता, आमच्याकडे न बघता, "हजेरी मी लावतोय, काळजी करू नका" एवढं म्हटलं आणि पुढे निघून गेले. त्यांचा स्वतःचा पगार कित्येक महिने थकलेला आहे, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं.

घोषणा दिल्या का? दिल्या. पण घशापेक्षा कॅल्क्युलेटर जास्त चालला. एकेका विद्यार्थ्याचे २१,५०० आणि कॉलेजची एकूण संख्या, हा गुणाकार कुणीतरी खडूने पायरीवर लिहिला. शिपायाने पुसला, परत लिहिला.

संध्याकाळी पप्पांचा फोन. "कॉलेजातून फोन आला व्हता. तुमची मुलगी पुढं बसायली म्हणले." मी गप्प. "फोटोत दिसायली का तू?" हो म्हटलं. थोडा वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग विचारलं, "वर्ष तर नाही ना जायचं?" मी म्हटलं, नाही जायचं, आमच्याकडे कागद आहेत. "मंग बस," म्हणाले, "पर पावसात भिजू नको." आईने मागून फोन ओढून घेतला आणि तिने मात्र चांगलीच झापली.

माझे आजोबा जुने मॅट्रिक, त्यांच्या तोंडी ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास, हा शब्द कायम. त्यांच्या काळी घरचं वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलं की फी माफ व्हायची, ती यशवंतराव चव्हाणांच्या वेळची सवलत. शाळा-कॉलेजं एकतर सरकारी नाहीतर अनुदानित होती, त्यामुळे माफी द्यायला फार हिशेब लागत नव्हता. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. त्यामुळे आमच्यासारख्या जिल्ह्यांत कॉलेजं आली, हे कबूल करावंच लागेल; नाहीतर माझ्या गावच्या मुलीने इंजिनिअरिंगचं नावही काढलं नसतं. पण तेव्हापासून फी ही संस्था, सरकार आणि विद्यार्थी अशा तिघांमधली उधारी झाली आहे. सरकार संस्थेला उशिरा देतं, संस्था ती झळ विद्यार्थ्यावर ढकलते, विद्यार्थी सावकाराकडे जातो. कुलसचिव आम्हाला बैठकीत म्हणाले ते खोटं नव्हतं: आधीच्या वर्षांची शासनाची प्रतिपूर्ती पूर्ण आलेली नाही, पगार कुठून करू? मला त्यांचं पटलं. पण सरकारची थकबाकी सोयाबीनवाल्याकडून का वसूल करायची, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

ही बैठक आपोआप झाली नाही. आम्ही काहीजण उस्मानपुऱ्यात तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात जाऊन आलो होतो. तिथं आमच्यासारखेच इतर कॉलेजचे विद्यार्थी बाकावर बसलेले, बहुतेकांच्या हातात तोच ८ जुलैचा निर्णय, ओळीखाली पेनने रेघा मारलेला. अधिकाऱ्यांनी आमचे कागद बघितले, नोटीस आणि पावती वेगळी काढून घेतली आणि कॉलेजकडे खुलासा मागणारं पत्र काढलं. राज्यभरातूनच अशा तक्रारी येत होत्या; पात्र मुलींकडून फी घेऊ नका असं मंत्र्यांनाही जाहीरपणे सांगावं लागत होतं, पुढे विभागाने तक्रारींसाठी हेल्पलाइनही सुरू केली. पत्र गेल्यावर दोन दिवसांतच केबिनचं दार उघडलं. आत एसी, बिस्किटं आणि आमच्या निवेदनाची तीच प्रत, जी मिळालीच नव्हती.

इतर शुल्काची यादी तिथं पहिल्यांदा बघायला मिळाली. ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ९,०००. ई-लर्निंग व सॉफ्टवेअर ४,५००. स्टुडंट अॅक्टिव्हिटी ३,०००. ग्रंथालय व जिमखाना २,०००. स्नेहसंमेलन १,५००. विमा, ओळखपत्र व किरकोळ १,५००. जिमखाना म्हणजे एक कॅरम आणि नेट फाटलेला टेबल टेनिसचा टेबल. ट्रेनिंगच्या नावाखाली पहिल्या वर्षी एका शनिवारी 'व्यक्तिमत्त्व विकास' झाला होता, सभागृहात, माईक बंद.

सिव्हिलच्या दादाने फक्त ग्रंथालयाच्या ओळीवर बोट ठेवलं. सर, ग्रंथालयाचा खर्च तुम्ही प्राधिकरणाकडे दाखवलेल्या खर्चात आहे का? आहे. मग तो मंजूर शुल्कात आलाच की. परत वेगळा कसा? यावर कुलसचिवांनी लेखापालांकडे बघितलं, लेखापालांनी फाइलकडे. बराच वेळ कुणी काही बोलेना. बाकीच्या ओळींवर त्यानंतर फार वाद घालावा लागला नाही.

खरी झटापट झाली ती हमीपत्रावर. आगाऊ फी घेणार नाही, पण प्रत्येक मुलीने शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र द्यायचं, असा त्यांचा प्रस्ताव. मसुदा आधीच छापून तयार होता. त्यातलं वाक्य असं: शासनाकडून शिष्यवृत्तीची रक्कम कोणत्याही कारणास्तव प्राप्त न झाल्यास संपूर्ण शुल्क भरण्याची जबाबदारी माझी व माझ्या पालकांची राहील. बऱ्याचजणी सही करायला तयार होत्या, आगाऊ पैसे वाचले हेच पुष्कळ. रूममेटने पेन खाली ठेवलं. 'कोणत्याही कारणास्तव' म्हणजे सरकारच्या तिजोरीत पैसे नसले तरी मीच, कॉलेजच्या लॉगिनमधून अर्ज पुढे गेला नाही तरी मीच. महाडीबीटीवर आपण अर्ज केला की तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग विभागाकडे. तिथं कुणी बटण दाबलं नाही तर त्याला विद्यार्थी काय करणार?

दुपारभर त्या एका वाक्यावर बसलो. शेवटी ते असं झालं: माझ्या कागदपत्रांतील त्रुटीमुळे किंवा मी मुदतीत अर्ज न केल्यामुळे शिष्यवृत्ती नामंजूर झाल्यास शुल्काची जबाबदारी माझी राहील. स्टॅम्प पेपर गेला, साध्या कागदावर आलं. आणि आमच्या आग्रहावरून खाली कॉलेजची एक ओळ: परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थेच्या स्तरावर पडताळणी केली जाईल. प्राचार्यांनी सही केली. या सगळ्या लढ्यात आम्ही काय मिळवलं असं कुणी विचारलं तर मी फीचा आकडा सांगत नाही, ही ओळ दाखवते.

इतर शुल्कातले विमा-ओळखपत्राचे आणि स्नेहसंमेलनाचे मिळून ३,००० राहिले. ट्रेनिंग ऐच्छिक झालं. बाकीचं रद्द. पण ज्यांनी आधीच भरले होते त्यांना रोख परतावा नाही, पुढच्या वर्षीच्या शुल्कात वळतं करू, असं ठरलं. पहिल्या वर्षी घेतलेल्या २१,५०० बद्दल तर चर्चाच करायला ते तयार नव्हते. तिथं आमच्यात फूट पडली. काहींच्या मते परतावा मिळेपर्यंत उठायचं नाही, काहींना गणपतीला घरी जायचं होतं आणि पुढे युनिट टेस्ट होती. मी उठणाऱ्यांत होते. थकले होते, आणि पायऱ्यांवर आता ठरावीक चेहरेच दिसत होते. जे उठायला तयार नव्हते त्यांच्यातले काही अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

अर्ज भरला. तो एकदा 'सेंड बॅक' होऊन आला, कारण बँक खातं आधारला जोडलेलं होतं ते आईच्या गावच्या बँकेचं आणि अर्जात दुसऱ्याच खात्याचा नंबर. ते सरळ करून पुन्हा पाठवला. क्लार्कच्या लॉगिनमधून अर्ज सात दिवसांच्या आत पुढे गेला. खिडकीवरच्या काकांनी स्वतः बोलावून स्क्रीन दाखवली.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. आमच्याच मजल्यावरची एक मुलगी इन्स्टिट्यूट लेव्हलच्या जागेवर आहे. तिला कॅपच्या शेवटच्या फेरीत हवी ती ब्रँच मिळाली नाही म्हणून वडिलांनी संस्थास्तरावर, म्हणजे कॅपबाहेर थेट कॉलेजकडून, प्रवेश घेतला. या सवलतीत मॅनेजमेंट कोटा आणि संस्थास्तरावरचे प्रवेश येत नाहीत, अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठंही येत नाहीत. तिचे वडील भाजीचा गाडा लावतात. नियम का आहे ते मला समजतं, कोट्यातल्या जागा पैसेवाल्यांच्या असतात असं गृहीत धरलेलं आहे. पण ती ठिय्यात आमच्याइतकीच बसली, पोती तिनेच आणली होती, आणि तिला त्यातून सुटले ते फक्त इतर शुल्कातले.

तिसऱ्या वर्षाची नोटीस आली आहे. शुल्क हेडनिहाय छापलंय, हा बदल दिसतो. त्यात एक नवी ओळ आहे, 'करिअर रेडीनेस प्रोग्रॅम ८,५००', आणि शेजारी बारीक अक्षरात 'ऐच्छिक'. ऑनलाइन पेमेंटच्या पानावर मात्र ती खूण आधीच केलेली येते, काढता येत नाही. प्राधिकरणाकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक आमच्याकडे आहे, कॉलेजकडून म्हणणं मागवल्याचं कळलं आहे. या पेमेंटच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून त्याच क्रमांकावर जोडून पाठवायचा आहे, आणि थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या डिप्लोमाच्या पोरांना हमीपत्राची जुनी आणि नवी दोन्ही प्रत हवी आहे. झेरॉक्सवाला आता उधारीवर देतो.